जिप्सी मेजर हाताने चालू करताना: नवशिक्यांसाठी

टायगर मॉथ या जुन्या, दोन पंखांच्या शिकाऊ विमानाच्या नाकात बसलेल्या जिप्सी मेजर इंजिनाला बहुधा स्टार्टर मोटर नसते, आणि बॅटरीवर त्याचं काहीच अडत नाही. ठिणगी मॅग्नेटोमधून, म्हणजे इंजिनाबरोबर फिरून स्वतःच वीज तयार करणाऱ्या यंत्रातून, येते, पेट्रोल वरच्या पंखातल्या टाकीतून स्वतःच्या वजनाने खाली उतरतं आणि पहिली फिरकी माणसाचा हात देतो. नवख्या माणसाला वाटतं की प्रॉपेलर फिरवायचा तो इंजिन सुरू करण्यासाठी. खरं तर पहिले काही फेरे तपासणीचे असतात. त्यात हाताला जे कळतं ते नंतर एकही गेज सांगत नाही.

हा लेख ब्रिटन, ऑस्ट्रेलिया वा न्यूझीलंडमधल्या जुन्या विमानांच्या क्लबात नुकते मदतीला लागलेल्यांसाठी आणि या इंजिनांच्या दुरुस्तीत हात घालू पाहणाऱ्यांसाठी आहे. फिरता प्रॉपेलर माणूस मारतो. खालचं सगळं वाचून झालं तरी पहिल्या वेळी शेजारी जाणता माणूस हवाच, आणि आकड्यांच्या बाबतीत त्या विशिष्ट इंजिनाची पुस्तिकाच शेवटचा शब्द.

हे इंजिन असं का आहे

१९२५ साली डी हॅविलँड या ब्रिटिश कंपनीचं मॉथ हे छोटं विमान उडालं ते सिरस इंजिनावर. पहिल्या महायुद्धातून उरलेल्या रेनॉच्या आठ सिलिंडरी इंजिनाचा अर्धा भाग घेऊन फ्रँक हाफर्डने ते बनवलं होतं. युद्धातला उरलेला माल संपत आला तेव्हा डी हॅविलँडने त्याच हाफर्डकडून स्वतःचं इंजिन काढून घेतलं. ते जिप्सी, ५.२३ लिटरचं, सुमारे १०० अश्वशक्तीचं. लंडनजवळच्या स्टॅग लेनच्या कारखान्यात ते तयार होई. या पहिल्या जिप्सीचे सिलिंडर नेहमीसारखे वर उभे होते आणि वैमानिकाच्या नजरेच्या नेमके आड येत. जिप्सी थ्रीमध्ये इंजिन उलटं केलं: क्रँकशाफ्ट वर, सिलिंडर खाली लोंबते. नाक खाली गेलं, पुढचं दिसू लागलं आणि प्रॉपेलरचा मध्य उंच राहिल्याने पात्याला जमिनीपासून पुरेशी जागा मिळाली. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटांनी कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल आणलं ते पस मॉथमधून. या जातीच्या विमानात सहसा हेच जिप्सी थ्री असे.

त्याच साली सिलिंडरचा व्यास ११४ वरून ११८ मि.मी. झाला आणि जिप्सी मेजर तयार झालं. स्ट्रोक १४० मि.मी., घनफळ ६.१२४ लिटर, मिनिटाला २३५० फेऱ्यांवर १३० अश्वशक्ती. पहिल्या मेजरचं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधलं मिश्रण किती पट दाबलं जातं ते, अवघं ५.२५ ला १. त्या काळच्या कमी ऑक्टेनच्या पेट्रोलवर चालावं म्हणून ते इतकं कमी ठेवलेलं आहे. पुढच्या १सी प्रकारात ते ६ ला १ झालं. आपल्यासमोरचं इंजिन कोणतं, हे त्याच्या पाटीवरून आधी वाचून घ्या. दोन्ही प्रकारांचे सुटे भाग आणि मर्यादा सरसकट एक नाहीत.

इंजिन उलटं असण्याचा त्रास एकच, पण तो मोठा: ऑइल खाली उतरतं, आणि इथे खाली सिलिंडर आहेत. सिलिंडरच्या नळ्यांची वरची टोकं क्रँककेसमध्ये थोडी वर आलेली असतात, म्हणजे क्रँककेसच्या तळाशी साचलेलं ऑइल सरळ आत ओघळत नाही. तरी भिंतींना लागलेलं, पिस्टनच्या आत राहिलेलं ऑइल विमान उभं असताना रिंगांमधून झिरपत थेट ज्वलनकक्षात जाऊन बसतं. या लेखातली निम्मी काळजी त्या ऑइलपायी आहे.

हात लावण्याआधी

विमान वाऱ्याकडे तोंड करून, कोरड्या आणि सपाट जागी उभं करा. पायाखाली सैल खडी नको, ओलं गवतही नको. घसरलात तर तोल पुढे, म्हणजे पात्याकडे जातो. टायगर मॉथला ब्रेक नसतात, म्हणून दोन्ही चाकांना चॉक, आपल्या भाषेत उट्या, लावल्याशिवाय कुणी नाकासमोर जायचं नाही. उट्यांना लांब दोरी हवी, काढताना माणूस पंखाच्या टोकाच्या बाजूने दूर राहतो. कॉकपिटमध्ये जाणता माणूस बसलेला, नियंत्रणाची काठी पूर्ण मागे धरलेली. पुढचा कॉकपिट रिकामा असेल तर तिथले पट्टे बांधून टाका. सुटा पट्टा काठीत अडकला की कळतं ते हवेत गेल्यावर.

मफलर, ओढणी, लोंबणारी लेस, अंगठी, कडं, गळ्यातलं ओळखपत्र काढून ठेवा.

टाकीतलं पेट्रोल बघा. टायगर मॉथची टाकी १९ ब्रिटिश गॅलनची, म्हणजे सुमारे ८६ लिटर. तळातून थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून पाणी आहे का ते पाहा. रात्रभर अर्धवट रिकाम्या राहिलेल्या टाकीत हवेतला दमटपणा पाणी होऊन खाली बसतो.

मग ऑइल. टाकी विमानाच्या डाव्या बाजूला बाहेरच असते, सुमारे दोन गॅलनची. इथे नवखे हमखास चुकतात. विमान आठ-पंधरा दिवस उभं असेल तर टाकीतली पातळी कमी दिसते, आणि माणूस भरभरून ऑइल ओततो. ते ऑइल कुठे गेलेलं नसतं, इंजिनात उतरलेलं असतं. सुरू झाल्यावर परतीचा पंप ते सगळं टाकीत आणून टाकतो आणि टाकी झाकणातून वाहू लागते. ऑइलची खरी पातळी इंजिन बंद केल्यावर थोड्याच वेळात मोजलेली. उभ्या विमानात पातळी खूपच खाली दिसली तर ओतण्याआधी विचार करा: ते ऑइल सिलिंडरमध्ये तर नाही?

काही इंजिनांच्या ऑइल फिल्टरला बाहेरून फिरवायचा दांडा असतो. तो एकदोन पूर्ण फेरे फिरवला की आतल्या चकत्यांवरची घाण खरवडून निघते. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, आणि सगळ्यात जास्त विसरलं जाणारंही तेच.

स्विच बंद म्हणजे काय

मॅग्नेटो स्वतःच वीज तयार करतो. स्विच "बंद" करणं म्हणजे त्याचा पुरवठा तोडणं नव्हे. त्याची प्राथमिक गुंडाळी तारेने इंजिनाच्या धातूशी जोडून ठिणगी थांबवणं, एवढंच स्विच करतो. ती तार तुटली, तिचा नट ढिला झाला किंवा स्विचचा संपर्क गंजला, तर स्विच बंद दिसतो आणि मॅग्नेटो जिवंत राहतो. घरातल्या दिव्याच्या नेमकं उलट. म्हणून प्रॉपेलरला हात लावताना तो कायम जिवंत आहे असंच धरायचं, मग स्विच काहीही दाखवो.

टायगर मॉथवर दोन्ही कॉकपिटांच्या बाहेर, डाव्या अंगाला, प्रत्येकी दोन स्विच असतात. पुढे उभ्या माणसालाही ते दिसावेत म्हणून ते बाहेर बसवलेले आहेत. वर म्हणजे चालू, खाली म्हणजे बंद. ऐकलेल्या उत्तरावर विसंबू नका, चारही स्विच स्वतः बघा.

इंधनाशिवायचे फेरे

स्विच बंद, पेट्रोलचा कॉक बंद, थ्रॉटल बंद. नाकासमोर तोंड करून उभे राहा. समोरून पाहताना जिप्सी मेजर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो, म्हणजे खाली येणारं पातं तुमच्या उजव्या हाताला असतं. अमेरिकन इंजिनांवर शिकलेल्यांना ही दिशा उलटी पडते, आणि सवयीने चुकीच्या बाजूला उभे राहण्याचा धोका त्यांनाच जास्त.

बोटांची पेरं पात्यावर सपाट ठेवा. बोटं पात्याच्या कडेला वळवून पकडू नका. इंजिनाने उलटा झटका दिला तर सपाट हात सुटतो, वळलेली बोटं सुटत नाहीत.

आता सावकाश फिरवा. दोन पात्यांचा प्रॉपेलर आणि चार सिलिंडर, त्यामुळे प्रत्येक अर्ध्या फेऱ्याला एक कॉम्प्रेशन हाताला लागतं. चार वेळा पातं खाली आणलं की चारही सिलिंडर तपासून होतात. ठिणगीचा क्रम १-३-४-२ आहे. एखादं कॉम्प्रेशन पोकळ लागलं तर पुढची तीन मोजत पुन्हा तिथे या. दर चौथ्या वेळी तेच पोकळ लागतंय ना, हे पक्कं करा.

निरोगी कॉम्प्रेशन हाताला कसं लागतं? सायकलच्या पंपाच्या तोंडावर अंगठा दाबून दांडा रेटावा तसं: अडतं, पण लवचिकपणे, आणि जोर धरला की हळूच पलीकडे जातं. पोकळ लागलेल्या सिलिंडरचा आवाज कुठून येतो तिकडे कान द्या. एग्झॉस्टच्या नळीतून फुसफुस आली तर एग्झॉस्ट व्हॉल्व्ह बसत नाही. कार्बोरेटरच्या तोंडाशी आली तर इनलेट व्हॉल्व्ह. क्रँककेसच्या ब्रीदरमधून, म्हणजे हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून, आली तर रिंगा. व्हॉल्व्ह नीट न बसण्याची सगळ्यात साधी कारणं म्हणजे टॅपेटची (व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या भागाची) फट संपलेली असणं किंवा दांड्यावर कार्बन चढून तो गाइडमध्ये अडकणं. टॅपेट आधी बघा, हेड उतरवण्याचा विचार मागाहून.

आणि हाताला लवचिकपणा न लागता फिरता फिरता प्रॉपेलर एकदम थांबला, तर तिथेच हात काढा. हे हायड्रॉलिक लॉक.

हायड्रॉलिक लॉक

एका सिलिंडरचं घनफळ १५३१ घ.सें.मी. कॉम्प्रेशन ५.२५ असेल तर पिस्टन टोकाला असताना हेडमध्ये उरणारी जागा सुमारे ३६० घ.सें.मी., आणि ६ ला १ च्या इंजिनात सुमारे ३०६. एवढं ऑइल आत साचलं की पिस्टनला जायला जागाच राहत नाही, कारण ऑइल दाबलं जात नाही. पण त्याहून कमी साचलेलं ऑइल जास्त फसवं. पाव लिटर धरा. उरलेली जागा ११० घ.सें.मी. होते आणि त्या एका सिलिंडरचं कॉम्प्रेशन १५ ला १ च्या घरात जातं. हाताला ते जड लागेल, पण फिरेल. त्यातच ठिणगी पडली की कनेक्टिंग रॉड वाकतो. वाकलेला रॉड त्याच दिवशी तुटतोच असं नाही. कधी काही तासांनी, हवेत, क्रँककेस फोडून बाहेर येतो. म्हणून "जरा जोर लावला आणि निघालं" ही बातमी चांगली नव्हे.

काय करायचं: प्रॉपेलर जिथे अडला तिथेच सोडा. प्लग काढा. प्रत्येक सिलिंडरला दोन, असे आठ. निदान अडलेल्या सिलिंडरचे तरी काढाच, पण सगळे काढले तर फिरवायला सोपं जातं आणि बाकीचे तीनही तपासून होतात. खाली भांडं ठेवा. मग योग्य दिशेने सावकाश फिरवा, उरलेलं ऑइल प्लगच्या भोकातून उडतं. प्लग पेट्रोलने धुऊन, वाळवून परत बसवा.

उलटं फिरवून सोडवण्याचा मोह टाळा. उलट्या दिशेने पिस्टन ते ऑइल उघड्या इनलेट व्हॉल्व्हमधून इनलेटच्या नळीत ढकलतो. प्रॉपेलर मोकळा होतो, सगळं ठीक झाल्यासारखं वाटतं, आणि इंजिन सुरू होताच तेच ऑइल पुन्हा सिलिंडरमध्ये ओढलं जातं. फरक इतकाच की आता मागे हाताचा जोर नसून पूर्ण इंजिनाचा असतो.

विमान काही दिवस उभं राहणार असेल तर मधेच येऊन "जाम होऊ नये म्हणून" प्रॉपेलर फिरवून जाण्याचीही पद्धत आहे. आम्हाला ती पटत नाही. भिंतींवरचा ऑइलचा थर खरवडला जातो, नवीन ऑइल तिथे पोचत नाही आणि गंज लागतो. फिरवायचं ते सुरू करण्याआधी.

सुरू करणं

पुढचा माणूस आणि कॉकपिटमधला माणूस यांच्यातली भाषा ठरलेली असते. एकाने म्हणायचं, दुसऱ्याने करून तेच परत म्हणायचं. शब्द इंग्रजीच ठेवा, मैदानावर सगळ्यांना तेच कळतात.

१. "स्विचेस ऑफ, फ्युएल ऑन, थ्रॉटल क्लोज्ड." उत्तर ऐका आणि स्विच डोळ्यांनी पाहा.

२. थंड इंजिनाला कार्बोरेटर भरून घ्या. कार्बोरेटरवरचा टिकलर दाबला की आतला फ्लोट खाली जातो आणि पेट्रोल वर चढतं. निचऱ्याच्या नळीतून थेंब पडू लागले की सोडा. खाली थारोळं होईपर्यंत दाबत राहू नका, तिथूनच आग लागते. थारोळं झालंच तर विमान दोन-चार पावलं मागे ढकला. अग्निशामक हाताशी असावा.

३. "सकिंग इन." स्विच अजून बंदच. चार पाती ओढा, म्हणजे चारही सिलिंडरमध्ये मिश्रण पोचतं. हात लावण्याचे नियम तेच, कारण आता आत पेटण्यासारखं मिश्रण आहे.

४. पातं अशा जागी आणा की ते तुमच्या उजवीकडे, घड्याळातल्या एक-दोनच्या सुमारास आहे आणि कॉम्प्रेशन नुकतंच लागू लागलं आहे. प्रॉपेलर हबवर चुकीच्या भोकांत बसवला असेल तर कॉम्प्रेशन फार खाली किंवा फार वर लागतं. अशा वेळी वाकून ओढत बसू नका, प्रॉपेलर योग्य जागी बसवून घ्या.

५. "थ्रॉटल सेट, कॉन्टॅक्ट." कॉकपिटमधला माणूस थ्रॉटल साधारण एक सेंटिमीटर उघडतो, तो हातातून सरकत नाही ना हे बघतो, इम्पल्स असलेल्या मॅग्नेटोचा स्विच वर करतो आणि मगच "कॉन्टॅक्ट" म्हणतो. आधी म्हणून मागाहून स्विच लावणं चूक.

६. एक पाय जरा मागे, वजन मागच्या पायावर येईल असा. पातं एका ओघात खाली ओढा आणि त्याच ओघात मागे निघा. जोर लावायची गरज नसते. इम्पल्स कपलिंग मॅग्नेटोला आधी अडवून धरते आणि मग स्प्रिंगने झटकन फिरवते. त्यामुळे प्रॉपेलर हळू फिरला तरी ठिणगी जोरकस आणि उशिराची मिळते. तो "टक्" आवाज ऐकू आला पाहिजे.

सुरू करताना दुसरा मॅग्नेटो बंद का ठेवतात? त्याची ठिणगी चालत्या इंजिनाच्या वेगासाठी लवकर पडणारी असते. हाताच्या वेगावर ती पिस्टन टोकाला पोचण्याआधीच पडते आणि प्रॉपेलर उलटा झटका देतो. इंजिन धरलं की दुसरा स्विच वर करायचा.

सुरू होत नसेल तर

"टक्" ऐकू येत नाही: कपलिंगचा खटका जुन्या, घट्ट झालेल्या ऑइलमुळे चिकटला आहे. थंडीत हे जास्त होतं. ओढण्याचा जोर वाढवून काही साधत नाही. कपलिंग साफ करावी लागते.

"टक्" येतं, पण इंजिन हूं की चूं करत नाही: पेट्रोल पोचलंय का? टिकलर दाबल्यावर थेंब आले होते का? आले होते तर स्विच आणि प्लग बघा. ऑइलने भिजलेला प्लग या इंजिनात नेहमीचा.

एकदोनदा फुरफुरतं, एग्झॉस्टमधून काळा धूर येतो, पेट्रोलचा वास येतो: मिश्रण जास्त झालं. "स्विचेस ऑफ, थ्रॉटल फुल ओपन, ब्लोइंग आउट" म्हणून प्रॉपेलर उलट्या दिशेने सात-आठ पाती फिरवतात आणि जादा पेट्रोल बाहेर काढतात. वर उलटं फिरवायला मनाई केली ती ऑइलसाठी. इथे सिलिंडर मोकळे असल्याची खात्री आधीच झालेली असते. मग थ्रॉटल परत बंद केल्याचं उत्तर ऐकल्याशिवाय पुढे जायचं नाही. उघड्या थ्रॉटलवर इंजिन धरलं तर विमान उट्यांवरून उडी मारतं, आणि समोर तुम्ही असता.

नुकतंच बंद केलेलं गरम इंजिन टिकलर न दाबताच सुरू होतं. थंडाच्या पायऱ्या त्याच्यावर केल्या की ते भिजतं, आणि मग अर्धा तास घाम गाळावा लागतो.

कार्बोरेटरच्या तोंडाशी ज्वाळा दिसली आणि इंजिन चालू असेल तर ते चालूच राहू द्या, कॉक बंद करा, थ्रॉटल उघडा. ज्वाळा आत ओढली जाते आणि नळीतलं पेट्रोल संपतं. इंजिन बंद असेल तर कॉक बंद, स्विच बंद, बाहेर पडा आणि अग्निशामक वापरा.

चालू झाल्यावर

सुरुवातीचा निळा धूर घाबरण्यासारखा नसतो, हेडमध्ये उतरलेलं ऑइल जळतं. तो मिनिटभरात विरला पाहिजे. नजर धुरावर नको, ऑइलच्या दाबावर हवी. अर्ध्या मिनिटात दाब आला नाही तर इंजिन बंद. थंड, दाट ऑइलमुळे काटा आधी बराच वर जातो. गरम झाल्यावर तो नेहमीच्या वेगाला चौरस इंचाला ४० ते ४५ पौंडांवर स्थिरावतो. गरम इंजिनात तो त्याच्या पुष्कळ खाली रेंगाळत असेल तर पातळ पडलेलं ऑइल, रिलीफ व्हॉल्व्हमध्ये अडकलेला कचरा किंवा टाकीकडून येणाऱ्या नळीत शिरणारी हवा, या क्रमाने शोधा. बेअरिंग झिजलं असेल ही शंका शेवटी.

मिनिटाला ८०० ते १००० फेऱ्यांवर चारेक मिनिटं गरम होऊ द्या. मग १६०० फेऱ्यांवर एकेक मॅग्नेटो बंद करून पाहा. फेरे थोडे उतरतात, पण १०० पेक्षा जास्त उतरू नयेत. फेरे उतरून इंजिन खडखडत असेल तर प्लग. खडखड न होता जास्त उतरत असतील तर मॅग्नेटोची वेळ. आणि एक स्विच बंद केल्यावर फेरे अजिबात उतरलेच नाहीत, तर आनंद मानू नका: त्या मॅग्नेटोला इंजिनाच्या धातूशी जोडणारी तार तुटली आहे आणि तो बंद होत नाहीये.

जमिनीवर फार वेळ पळवू नका. हवा नाकाच्या डाव्या बाजूच्या तोंडातून आत येते आणि पत्र्याचे बाफल तिला सिलिंडरांमधून पलीकडे नेतात. उभ्या विमानात तेवढी हवा मिळत नाही, वारा मागून असेल तर त्याहून कमी. एखादा बाफल तडकलेला किंवा सैल असेल तर तेवढा एकच सिलिंडर तापतो, आणि कोणत्याही गेजवर ते दिसत नाही.

थंड असताना सुरेख चालणारं आणि तापल्यावर ठिणगी चुकवणारं इंजिन ही जुन्या मॅग्नेटोची खूण. गुंडाळीचं आवरण किंवा कंडेन्सर उष्णतेने हार खातं. थंड झाल्यावर सगळं पुन्हा ठीक होतं, म्हणून कार्यशाळेत दोष सापडत नाही आणि लोक कार्बोरेटर उघडत बसतात. आधी मॅग्नेटोतल्या पॉइंटची, म्हणजे उघडझाप करणाऱ्या संपर्कांची, फट बघा, साधारण ०.०१२ इंच. ती बरोबर असेल तर मॅग्नेटो उतरवून गरम करून तपासायला द्या.

बंद करणं

इंजिन अर्धा-एक मिनिट मंद चालू ठेवा. मग मंद वेगावर दोन्ही स्विच क्षणभर बंद करून लगेच चालू करा. इंजिन खरंच मरायला लागतं का ते पाहा. पुढच्या वेळी प्रॉपेलरला हात लावणाऱ्याचं संरक्षण याच क्षणाच्या तपासणीत आहे. मग स्विच बंद करा आणि इंजिन थांबता थांबता थ्रॉटल हळूहळू पूर्ण उघडा. बंद थ्रॉटलवर मंद चालीच्या छिद्रातून दाट मिश्रण येत राहतं आणि तापलेल्या प्लगवर ते ठिणगीशिवायही पेटतं. थ्रॉटल उघडला की नुसती थंड हवा शिरते. शेवटी पेट्रोलचा कॉक बंद.

चालवण्यापलीकडची थोडी कामं

रॉकरच्या, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या दांड्यांच्या, झाकणांमध्ये स्वतःचं ऑइल असतं, मुख्य टाकीशी त्याचा संबंध नाही. ठरलेल्या तासांनी ते बघून भरावं लागतं. टाकी भरलेली आहे म्हणून रॉकर भिजलेले असतील असं धरलं तर व्हॉल्व्हचे दांडे आणि गाइड कोरडे चालून झिजतात. झाकणाच्या गॅस्केटमधून थेंब गळताना दिसले तर बाहेर पुसून सोडून देऊ नका. आत तेवढं कमी झालं आहे.

लाकडी प्रॉपेलर हवेबरोबर बदलतो. कोरड्या दिवसांत लाकूड आकसतं आणि हबचे बोल्ट ढिले पडतात. दमट दिवसांत फुगतं, आणि तेव्हा आवळलेले बोल्ट लाकूड चेपून टाकतात. म्हणून ऋतू पालटला की बोल्टांची आवळणी टॉर्क रेंचने तपासायची, समोरासमोरच्या जोडीने, थोडी थोडी. मग एका पात्याचं टोक जमिनीवरच्या ठोकळ्याला टेकेल असं जुळवून दुसरं पातं त्याच जागी आणा. दोन टोकांमध्ये साधारण ३ मि.मी.पेक्षा जास्त फरक असेल तर बोल्ट पुन्हा सोडून आवळा. या मोजणीसाठी प्रॉपेलर हाताने फिरवावा लागतो, तेव्हा आधी प्लग काढून ठेवा.